घरात राबणाऱ्याला चार तासांची उसंत: विसावा सेवा सुरू करायची तर

पुण्यात कोथरूडमधल्या एका घरी आमची पहिली भेट होती. काका पंचाहत्तरीचे, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. काकू सत्तरीच्या. अडीच वर्षं सगळं त्याच बघत होत्या. आमच्या ताई, म्हणजे काकांजवळ बसायला आम्ही पाठवलेली मदतनीस बाई, दुपारी एक ते पाच थांबणार होत्या. काकूंनी कागदावर कामं लिहून ठेवली होती: बँक, दाताचे डॉक्टर, जमलं तर बहिणीकडे चक्कर. ताई आल्या, काकूंनी काकांची औषधं दाखवली, शेजारच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि साडेतीन तास झोपल्या. उठल्यावर ओशाळून मला फोन केला, "अहो, मी कुठे गेलेच नाही. उगाच तुमच्या ताईंना बोलावलं."

मी म्हटलं, "काकू, ह्याचसाठी बोलावलंत."

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता आणि सहा वर्षं मी ते काम केलंय, म्हणून त्या झोपेची किंमत मला ठाऊक आहे. त्यानंतर पुण्यात, आजारी माणसाचं करणाऱ्याला काही तास विसावा देणारी ही छोटी सेवा सुरू केली. ह्या कामात पडू इच्छिणाऱ्यांचे फोन येतात, त्यांना जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते.

आपण नेमकं काय देतो

आपल्याकडे ह्या गोष्टीला फार जुना शब्द आहे, माहेरपण. सासरी राबणाऱ्या मुलीला चार दिवस आयतं ताट, दुपारची झोप आणि कुणी काही मागायला न येणं. आजारी माणसाचं करणाऱ्याला हे माहेरपण कुणी देत नाही. करणारी बहुतेक वेळा बायको, सून किंवा लेक असते. कधी नोकरी सोडून घरी बसलेला मुलगाही असतो.

शहरात ब्युरो आहेत, ते बारा किंवा चोवीस तासांची बाई देतात. ज्यांना कायमची मदत हवी आणि परवडते, त्यांची सोय तिथे होते. पण पुष्कळ घरांना तेवढी मदत नको असते. त्यांना मंगळवारची दुपार हवी असते. भाचीच्या लग्नाला एक दिवस जायचं असतं. ब्युरोची बाई सुट्टीवर गेली की तो रविवार कसा काढायचा हा प्रश्न असतो. ह्या मधल्या जागेत आपलं काम आहे. पेशंटची काळजी आपण घेतोच, पण पैसे मिळतात ते शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या तासांचे. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात. ताई वीस मिनिटं उशिरा आल्या तर काकांचं फारसं बिघडत नाही, काकूंची डॉक्टरांची वेळ मात्र जाते.

गरज किती आहे म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यातले बहुतेक घरीच असतात, आणि प्रत्येकामागे किमान एक माणूस अडकलेलं असतं.

पायरी १: आधी दोन महिने स्वतः काम करा

जाहिरात, नाव, कार्ड हे सगळं नंतर. आधी ओळखीतली तीन घरं घ्या आणि आठवड्यातून दोनदा स्वतः जाऊन बसा. डायपर बदला, भरवा, रात्रीची एक पाळी करून बघा. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांनी माणसं पाठवायचा धंदा काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईंनी फोनवर "आजी ऐकत नाहीयेत" म्हटलं, तर काय सुचवायचं हे पुस्तकातून कळत नाही.

रीतसर शिकायचं असेल तर ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ असे रुग्णसेवेचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत. पुण्यातच वारज्याला सिप्ला ह्या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी विनामूल्य चालतं. पेशंटबरोबर घरच्या माणसालाही तिथे हाताशी धरून शिकवतात. स्मृतिभ्रंशासाठी एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही १९९२ पासूनची देशव्यापी संस्था आहे. पार्किन्सनचे, स्किझोफ्रेनियाचे स्वमदत गट पुण्यात आहेत. त्यांच्या बैठकांना मागच्या रांगेत बसून नुसतं ऐका. घरचे लोक कशाने दमतात ते तिथे खरं कळतं.

पायरी २: एकच भाग, एकच प्रकारची भेट

सुरुवातीला आमची एकच भेट होती, दिवसा चार तास, कोथरूड-कर्वेनगर ह्या पट्ट्यात. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हडपसरहून, मागणी आली की "नाही" म्हणायचं. एक ताई दुपारी एका घरून निघून दुसऱ्या घरी पंधरा मिनिटांत पोचली पाहिजे, नाहीतर तिचा दिवस रिक्षात जातो. सहा महिन्यांनी पूर्ण दिवसाची भेट सुरू केली, वर्षाने रात्रीची. रात्रीला घाई करू नका. स्मृतिभ्रंशाचे पेशंट संध्याकाळनंतर जास्त अस्वस्थ होतात, आणि ते सांभाळणारी ताई मुरलेली हवी.

पेशंटला आपल्याकडे आणून ठेवायची कल्पना पुष्कळांना आवडते. पहिल्या दोन वर्षांत त्या वाटेला जाऊ नका. मुक्काम आणि उपचार आले की १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा येतो, अग्निशमनाचा दाखला येतो, जागेचं भाडं येतं. शिवाय आपलं घर, आपली कॉट, आपली खिडकी सुटली की स्मृतिभ्रंशाचा पेशंट गडबडतो.

पायरी ३: ताई

सगळा धंदा इथे उभा राहतो, म्हणून ह्यावर जास्त लिहिते.

मी ताईंची मुलाखत बोलून घेत नाही. स्वतः पलंगावर आडवी होते आणि म्हणते, माझी उजवी बाजू गेली आहे, मला खुर्चीत बसवा. काही जणी सरळ हात धरून ओढतात. लुळ्या बाजूचा खांदा असा ओढला तर निखळू शकतो. काही जणी आधी खुर्ची धडधाकट बाजूला आणून लावतात, माझे पाय जमिनीला टेकवतात, कमरेला धरतात आणि "एक, दोन, तीन" म्हणून उठवतात. त्या माझ्या. मग शर्ट घालायला सांगते. लुळा हात बाहीत आधी घालायचा, काढताना मात्र चांगला हात आधी बाहेर. हे माहीत नसलं तरी चालतं, शिकवता येतं. ओढणं मात्र स्वभावात असतं. पेशंटला न विचारता, न सांगता हात लावणारी बाई मी घेत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. संध्याकाळ झाली की आजी म्हणतात, "मला घरी जायचंय." त्या स्वतःच्याच घरात बसलेल्या असतात. "अहो, हेच तुमचं घर" म्हणून वाद घालणारी ताई त्यांना आणखी घाबरवते. "हो, जाऊ या. आधी चहा घेऊ, मग निघू," असं म्हणून हात हातात घेणारी ताई तो प्रसंग निभावून नेते.

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आधी काम केलेल्या दोन घरांचे फोन नंबर आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी ह्यात सूट नाही, बहिणीची नणंद असली तरी नाही. पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो, त्याचं शुल्क मी भरते.

ताईंना काय द्यायचं? वेळेवर पैसे आणि मान. आम्ही दर शनिवारी पैसे देतो, थेट खात्यात. महिन्याच्या शेवटी बघू म्हणणाऱ्याकडे चांगली ताई टिकत नाही. घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगते, की ताई भांडी घासणार नाहीत, केर काढणार नाहीत, त्यांना बसायला खुर्ची आणि वेगळी न ठेवलेली कपबशी हवी. एकदा एका घरी ताईंना चहा फुटक्या कपात, बाल्कनीत दिला. मी ते घर सोडलं. ताई लक्षात ठेवतात, आपण कुणाच्या बाजूने उभे राहिलो ते.

प्रत्येकीची ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी करा आणि पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये भरा. अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. बसमध्ये चढता-उतरताना पडणाऱ्या बायका आहेत ह्या, उशीर करू नका.

आणि एक ताई कायम राखीव ठेवा. तिला घरी बसल्याचे पैसे द्यावे लागतात. जड जातं, पण त्याशिवाय शब्द पाळता येत नाही.

पायरी ४: पहिली भेट आणि वही

काम सुरू करण्याआधी एकदा मी स्वतः जाते, तास-दीड तास बसते. ह्याचे पैसे घेत नाही. शंभर पानी वही नेते आणि ती पुढे त्या घरीच राहते. पहिल्या पानावर आजार, औषधं आणि वेळा, डॉक्टरांचा नंबर, जवळचं हॉस्पिटल, रुग्णवाहिकेचा १०८, शेजारच्यांचा नंबर, कशाची ॲलर्जी आहे ते. हे सगळे लिहितात. खरं पान दुसरं. त्या कोथरूडच्या काकांचं दुसरं पान असं होतं:

"चहा बशीतून लागतो. पातळ चहाने ठसका लागतो, म्हणून मारी बिस्किट कुस्करून घट्ट करून चमच्याने द्यावा. भरवताना ताठ बसवावं, हनुवटी छातीकडे. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नये. ‘नको’ म्हणतात तेव्हा कधी कधी ‘हो’ म्हणायचं असतं, डोळ्यांकडे बघावं. तीन वाजता क्रिकेट. एसटीत कंडक्टर होते, गावांची नावं विचारली की बोलायचा प्रयत्न करतात. लघवी आली की डावा हात चादरीवर घासतात."

ही माहिती कुठल्याही रिपोर्टमध्ये नसते, काकूंच्या डोक्यात असते. ती कागदावर उतरली की काकूंना पहिल्यांदा घराबाहेर पडायचा धीर येतो. माहिती काढायला "काय त्रास आहे" असं विचारू नका. "सकाळी उठल्यापासून सांगा" म्हणा आणि लिहीत राहा.

शेवटी काकूंना एकटं गाठून विचारते: रात्री किती वेळा उठता? शेवटचं घराबाहेर कधी पडलात? स्वतःची बीपीची गोळी चुकते का? तुम्हाला काही झालं तर इथे कोण येईल? बऱ्याच जणी चौथ्या प्रश्नाला रडतात. घाई करू नका. पाणी मागा, तेवढ्यात त्या सावरतात.

मुलं अमेरिकेत किंवा दुबईत असली तर फोन तिकडून येतो, पैसेही तिकडूनच. तरी ठरवायचं ते काकूंशी बोलूनच. मुलाला आईसाठी रोज आठ तास हवे असतात, आईला दोन दुपारी पुरतात. आईचं ऐका.

पायरी ५: पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी घरच्यांना बाहेर जायला सांगूच नका. ताई येतील, काकू घरातच राहतील, शेजारच्या खोलीत. दुसऱ्या वेळी काकू खालच्या वाण्याकडे जाऊन येतील. तिसऱ्या वेळी खऱ्या बाहेर पडतील. "परक्या बाईवर टाकून गेली" हे नातेवाइकांचं वाक्य त्यांच्या कानात असतं, आणि ते काढायला वेळ लागतो. पेशंटलाही तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसावा लागतो, म्हणून एका घराला दोनच ताई, तिसरी नाही.

निघताना ताई वहीत चार ओळी लिहितात: काय खाल्लं, लघवी-शौच, झोप, काही वेगळं दिसलं का. अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल तर दर दोन तासांनी कूस बदलली त्याच्या वेळा, आणि माकडहाड, टाचा, घोटे बघितल्याची नोंद. लाली दिसली तर त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं, उद्यावर टाकायचं नाही.

पायरी ६: आपलं काम कुठे संपतं

ताई इंजेक्शन देत नाहीत, नाकातली नळी घालत किंवा काढत नाहीत, लघवीची नळी बदलत नाहीत, सलाईनला हात लावत नाहीत. ही कामं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या नर्सची. "एवढं इन्सुलिन टोचा ना, रोज तर मीच देते," असं घरचे प्रेमाने म्हणतात. नाही म्हणायचं, आणि हे करारात लिहून ठेवायचं. पट्टीतून काढून ठेवलेली गोळी ठरल्या वेळी हातात देणं, एवढंच आपलं.

पैसे, दागिने, कपाटाच्या किल्ल्या ह्यांचा विषय पहिल्याच दिवशी उघड बोला. कपाट बंद असावं, किल्ली घरच्यांकडे. संशयाचं वातावरण ताईंनाही नको असतं. घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे ताईंना सांगितलं जाईल, आणि कपडे बदलतात तिथे तो नसेल, हेही करारात.

आणि एक अवघड गोष्ट. आपल्या वेळात पेशंट गेला तर? म्हाताऱ्या, थकलेल्या शरीरांजवळ बसतो आपण, हे कधीतरी होणार. कुणाला आधी फोन, १०८ बोलवायची की डॉक्टरांनी घरीच राहू द्या म्हटलंय, हे घरच्यांकडून आधी लिहून घ्या. आमच्या एका ताईंच्या हातात पाण्याचा चमचा असताना आजी गेल्या. वहीत सगळं लिहिलेलं होतं म्हणून ताई गोंधळल्या नाहीत. त्यानंतर त्यांना आठवडाभर पगारी सुट्टी दिली.

पायरी ७: दर कसा काढायचा

शेजारचा ब्युरो काय घेतो त्यावरून दर ठरवू नका. बारा तासांच्या दराला तीनने भागलं तर तुम्ही बुडाल. चार तासांच्या भेटीचा हिशोब खालून वर करा. आकडे फक्त उदाहरणाला: ताईंचे ४००, त्यांचा प्रवास ६०, राखीव ताईचा वाटा ५०, देखरेख आणि तुमच्या फेऱ्या ८०, हातमोजे-फोन-प्रशिक्षण-विमा ४०, तुमची कमाई १२०. झाले ७५०. दिवसाला आठ भेटी, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर कमाईचे २४,००० हातात येतात, आणि देखरेख स्वतःच करत असाल तर ते ८० ही तुमचेच. पहिलं वर्षभर आठ भेटी भरत नाहीत. तेवढे महिने घर चालेल अशी सोय असल्याशिवाय नोकरी सोडू नका.

रद्द करण्याचा नियम ठेवा. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर पैसे नाहीत, नंतर कळवलं तर ताईंचे ४०० द्यावे लागतील. पेशंट हॉस्पिटलमध्ये गेला तर तो नियम गुंडाळून ठेवा.

पायरी ८: कागदपत्रं

ह्यात फार अडकू नका. शॉप ॲक्टची (दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्याची) नोंदणी ऑनलाइन होते, लहान आस्थापनेला नुसती सूचना द्यावी लागते. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी आधार-पॅनवर मोफत होते. दलालाला पैसे देऊ नका. चालू खातं, व्यवसाय कर, आणि विमा कंपनीकडून व्यावसायिक दायित्वाची (कामातल्या चुकीची भरपाई मागितली गेली तर उपयोगी पडणारी) पॉलिसी. वरच्या उदाहरणात वर्षाची उलाढाल १८ लाख होते, म्हणजे सेवांसाठीची जीएसटीची २० लाखांची मर्यादा जवळच आहे. आरोग्यसेवेची सूट तुमच्या कामाला लागू पडते का, हे सीएकडून लेखी घ्या. माणसं दहा झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, वीस झाली की पीएफ (भविष्य निर्वाह निधी). ती समिती कागदापुरती ठेवू नका, आपल्या बायका परक्या घरी एकट्या असतात.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या आयांसाठी काम करायचं असेल, तर १९९९ च्या कायद्याखालच्या नॅशनल ट्रस्टची माहिती काढा. त्यांची ‘समर्थ’ योजना मुळात विसाव्यासाठी आखलेली होती.

पायरी ९: घरं कशी मिळतात

पत्रकं वाटून आम्हाला एकही घर मिळालं नाही. घरं मिळाली ती फिजिओथेरपिस्टकडून, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणि डायपर विकणाऱ्या सर्जिकलच्या दुकानातून. दर महिन्याला मोठे डायपर कोण नेतं हे त्यांना माहीत असतं. त्यांना कमिशन देऊ नका, चुकीची घरं येतात. ज्येष्ठ नागरिक संघात, भजनी मंडळात बोलायला गेलात तर "आजारी माणसांसाठी सेवा" असं म्हणू नका. "तुम्हाला दोन दुपारी मोकळ्या हव्यात का?" असं विचारा. सरकारची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही प्रत्येक ठिकाणी सांगून या. ज्यांना आपला दर परवडत नाही त्यांना निदान तेवढा आधार हाती लागतो.

सणवार

हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीत सगळ्या घरांना उसंत हवी असते आणि त्याच चार दिवसांत आपल्या ताईंना गावी जायचं असतं. आमच्या बहुतेक जणी बीड, लातूर, यवतमाळकडच्या. पहिल्या दिवाळीत मी चार घरांना हो म्हटलं आणि धनत्रयोदशीला दोन ताईंनी रात्रीची एसटी धरली. एका घरी मी गेले, दुसऱ्या घरी राखीव ताई. एक घर तडजोडीने निभावलं. चौथ्या घरची लेक चार वर्षांनी भाऊबीजेला भावाकडे जाणार होती, ती जाऊ शकली नाही. तिने रागावून काही म्हटलं नाही. "असू दे हो," एवढंच म्हणाली.

आता नवरात्रातच प्रत्येक ताईला विचारते. निम्म्या पाडवा-भाऊबीजेला गावी जातात, निम्म्या तुळशीच्या लग्नाला. थांबणाऱ्यांना त्या चार दिवसांचे दुप्पट पैसे, आणि तो जादा भार घरच्यांना आधीच सांगितलेला असतो. गणपती आणि मे महिन्यातली लग्नसराई ह्यांचंही असंच वेळापत्रक भिंतीवर लागतं. दसऱ्याला दिवाळीच्या तारखा बंद होतात. त्यानंतर फोन आला तर नाही म्हणावं लागतं, आणि फोनवर बाई रडत असली तरी नाहीच म्हणते, कारण आधी शब्द दिलेली लेक बॅग भरून बसलेली असते.